उस्तादांची दहा बोटं

जवळ ये जरा, मीनू. कागदावरून कसं जवळ येऊ म्हणशील, तर निदान तो फोन उपडा ठेव आणि मग वाच. राग आहे माझा तुझ्यावर. मागे आलीस ती दोन दिवसांसाठी, आणि बॅग उघडून पहिली वस्तू काय काढलीस, तर हात धुवायची बाटली. "मावशी, तुझ्याकडे नसेल म्हणून आणली." जिच्या नळावर चार कामांचे चार साबण असतात, तिच्याकडे हात धुवायला काही नसेल? एकदा दाबलं, फुस्स झालं, दोन थेंब पडले की झाले हात स्वच्छ. मी ती ठेवून घेतली, पाहुणी होतीस. पण मनात म्हटलं, हिला एकदा उस्तादांची गोष्ट नीट सांगायला हवी.

तू त्यांना पाहिलंस, पण पाहिलंस म्हणजे काय, सायकलची चेन उतरली की त्यांच्यापुढे उभी राहायचीस आणि त्यांचे हात बघायचीस. ते हात सगळं बाभुळगाव बघायचं. कोपरापर्यंत काळे आणि मनगटाच्या पुढे जास्त काळे. बसस्टँडच्या रस्त्याला माझं साड्यांना पिको-फॉल करायचं दुकान आणि भिंतीला भिंत लागून त्यांचं मोटरसायकलींचं गॅरेज. म्हणजे एका भिंतीच्या अलीकडे लोकांच्या बायकांच्या पांढऱ्या, मोतिया, अबोली साड्या, आणि पलीकडे ग्रीस. देवाला असली जोडी लावायची हौस असते. मागच्या अंगणात दोन्ही घरांना मिळून एकच नळ होता आणि नळाच्या वर भिंतीत एक फळी. आमची सगळी भांडणं त्या फळीवर झाली.

फळीवर माझे चार साबण. अंगाचा वेगळा, तो फळीवर ठेवायचाच नाही, पण घाईत राहून जायचा. हाताचा गुलाबी. भांड्यांची हिरवी वडी. आणि शिकेकाईची, ती फक्त रविवारी. उस्तादांची एकच, कपडे धुवायची निळी वडी. त्याच वडीनं ते हात धुवायचे, तोंड धुवायचे, डोकं धुवायचे, सदरा धुवायचे आणि उरल्यास गाडीची सीट. आणि निळी संपली असली, तर जो साबण हाताला लागेल तो. माझा गुलाबी साबण मी सकाळी ठेवायची तो दुपारी म्हशीच्या खुरासारखा दिसायचा. मी बोलले की म्हणायचे, "भाभी, साबन म्हंजे साबन. मैल काही नाव विचारत नाही."

मी म्हणायची, मैल नाही विचारत, कातडी विचारते. कपड्याचा साबण कपड्यासाठी असतो, कपड्याला दुखत नाही. हाताला हाताचाच साबण पाहिजे. ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि निळी वडी घेऊन पुढच्या गाडीला काय झालंय बघायला जायचे. ती वडी त्यांच्या हातात अशी शोभायची की जणू पान्यांच्या पेटीतलाच एखादा पाना.

त्यांच्या बायकोला सगळी गल्ली आपा म्हणायची. आपा नवऱ्याच्या या विचारावर कधी वाद घालत नसे. ती आपला चंदनाचा साबण ट्रंकेत, शालीच्या घडीत ठेवायची. मला एकदा दाखवला होता. म्हणाली, यांना दाखवू नका, गाडी धुतील.

उस्तादांचा स्वभाव तुला सांगायचा तर तो मोतिया साडीचा किस्साच सांगावा लागेल. शाळेतल्या एका बाईंची साडी होती, लेकीच्या लग्नात नेसायची. फॉल लावून मी मशीनवर घडी ठेवली होती. उस्ताद माझी कात्री धार लावून परत द्यायला आले, आणि साडीचा काठ दोन बोटांत धरून म्हणाले, "कपडा चांगला हाय." काठ सोडला तर तिथे काळा अंगठा. मी काही बोलायच्या आत त्यांनी बाहेरून पेट्रोल आणलं, माझ्या पावडरच्या डब्यातली पावडर घेतली आणि तासभर बसून बाळाचं नाक पुसावं तसा तो डाग पुसला. गेला डाग. पण पुसायच्या आधी मी तो नीट पाहिला होता, कारण रागात माणूस फार नीट बघतं. साध्या माणसाच्या अंगठ्याचा डाग पडला तर त्यात रेघा दिसतात ना? यात एकही नव्हती. शाई सांडावी तसा नुसता गोल. तेव्हा मला वाटलं, ग्रीस जाड असेल.

मग कोरोना आला. आशाताई दारोदार हात धुवायला शिकवत फिरायची. आमच्या नळावर उभी राहून तिनं दाखवलं, बोटांच्या बेचक्यात, नखांखाली, मनगटापर्यंत. मी विचारलं, ताई, साबण कोणता? ती म्हणाली, कोणताही चालते हो मावशी, अंगाचा, कपड्याचा, भांड्याचा, जो असन तो. फक्त घाई करू नका, चांगले घासा. उस्ताद मागे उभे होते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ते मॅट्रिकला जिल्ह्यात पहिले आले. पुढे किती महिने मी नळावर गेले की पलीकडून आवाज यायचा, जो असन तो. मी म्हणायची, हो, जंतू मरतील, पण कातडीचं काय? तर म्हणाले, कातडी काय भाभी, पुन्हा येते.

आता खरी गोष्ट ऐक.

आपाला उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला जायचं होतं. हे आजचं नव्हतं. मी या गल्लीत आले तेव्हापासून ती पापड लाटताना, तूर निवडताना तिकडच्याच गोष्टी सांगायची, कोण जाऊन आलं, कोणी काय पाहिलं, तिथला संगमरवर उन्हातही पायाला थंड कसा लागतो. सगळ्या दुआ पाठ होत्या तिच्या. पुसदची लेक आणि जावई, त्यांनी त्या वर्षी मनावरच घेतलं. अम्मी-अब्बांनी जायचंच, ग्रुपबरोबर, पावसाळा संपला की. आपानं माझ्याकडून दोन पांढरे जोड शिवून घेतले. उस्तादांच्या कपड्याला तिथे शिलाईच चालत नाही, नुसत्या दोन चादरी, म्हणून माझं निम्मं काम वाचलं. उस्ताद तसे थंडच होते, म्हणायचे इथूनही पोचते सगळं. पण आपा एकटी जाणार नव्हती, आणि ते त्यांना माहीत होतं.

पासपोर्टच्या कागदांसाठी दोघं यवतमाळला निघाले, मलाही धागे आणायचे होते, म्हणून मीही एसटीत बसले. ऑफिसात एक मुलगी होती, गोड, आपल्या मुलींसारखी. आपानं ठशांसाठी काचेवर बोटं ठेवली आणि हिरवा दिवा लागला. जन्मभर राखेनं भांडी घासलेली बाई, पण दहाच्या दहा बोटं पहिल्या झटक्यात. मग उस्ताद. लाल. मुलीनं काच पुसली. लाल. त्यांची बोटं ओल्या कपड्यानं पुसली, कोरडी केली, स्वतःच्या पर्समधलं क्रीम लावलं, हातावर हात ठेवून दाबलं. लाल, लाल, लाल. तिनं त्यांचा तळवा उजेडात धरला आणि मलाही दिसला. पाटीवरची अक्षरं पुसावीत तशी बोटं गुळगुळीत होती.

मुलीनं विचारलं, आजोबा, काय काम करता, हात कशानं धुता? उस्तादांनी हात सदऱ्याला पुसले. मीच म्हटलं, कपड्याच्या साबणानं, पोरी, चाळीस वर्षं. ती म्हणाली, आणि ग्रीस, आणि पॉलिश पेपर. थोडा आराम द्या हाताला. तीन आठवडे काम नको, कडक साबण नको, मऊ साबण, मलई, तेल. रेघा परत येतात पुष्कळदा. मग या, मी स्वतः ठसे घेईन.

परतीच्या एसटीत मला खरं तर फार बोलायचं होतं. तुला माझा स्वभाव माहीत आहे. एवढी वर्षं मी म्हणत होते तेच ऑफिसातल्या मुलीनं म्हटलं, म्हणजे माझा विजयच की. पण आपा यवतमाळपासून बाभुळगावपर्यंत खिडकीतून बाहेरच बघत होती. म्हणून मीही माझा विजय मांडीवरच्या पिशवीत ठेवला. संध्याकाळी नळावर पाणी भरताना ती एवढंच बोलली, उस्तादांना ऐकू जाईल असं.

"साऱ्या गावाच्या गाड्या यांनी चालू केल्या. माझीच तेवढी बंद पाडली."

दुसऱ्या दिवशी गॅरेजचं शटर उघडलं नाही.

उस्ताद माझ्या दुकानापुढच्या बाकावर येऊन बसले आणि दोन्ही हात माझ्यापुढे केले. म्हणाले, घ्या भाभी, आता तुमच्या ताब्यात. मग काय विचारतेस, मी राज्य केलं. सकाळ-संध्याकाळ गुलाबी साबण. मग दुधावरची मलई, मग खोबरेल, आणि वरून अस्तराच्या मऊ तुकड्यांनी दहा बोटं बांधायची. निळी वडी फळीच्या पार टोकाला सरकवली आणि सगळ्यांना ताकीद दिली, तिला कोणी हात लावायचा नाही. उस्ताद बाकावर बसून हात गुडघ्यांवर असे ठेवायचे, जणू ते दुसऱ्या कोणाचे हात आहेत आणि तो माणूस थोड्या वेळानं न्यायला येणार आहे.

पण गावातल्या गाड्यांना हे कोण सांगणार? चौथ्या दिवशी दूधवाला आला. खेड्यातून दोन कॅन भरून आणलेले, ऊन चढलेलं, आणि गाडी चालू होईना. किक मारून मारून तो घामाघूम. उस्ताद बाकावरूनच कान देऊन ऐकत होते. एकदम उठले आणि बोटांच्या पट्ट्या दातांनी सोडायला लागले. मी अशी ओरडले, की दूधवालाच खाली बसला. म्हटलं, तुम्ही बसा. काय करायचं ते मला सांगा.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. मग म्हणाले, "पेटीतून प्लगचा पाना काढा भाभी, नळीवानी लांब. हाव, तोच. आता तुमच्या मशीनचा चाक फिरते ना, त्याच्या उलटा."

निघाला बाई तो प्लग. काळाकुट्ट. पॉलिश पेपरनं कसा घासायचा, किती फट ठेवायची, पुन्हा कसा बसवायचा, हे सगळं त्यांनी बाकावरून सांगितलं आणि मी केलं. एका किकला गाडी चालू झाली. त्या आवाजानं मला काय वाटलं ते मी तुला सांगू शकत नाही. लग्नात मंगलाष्टकं संपल्यावर बरं वाटतं ना, तसं. दूधवाला गावभर सांगत सुटला, आणि मग रोज एक-दोन गाड्या यायला लागल्या. लोक मला बाईमेस्त्री म्हणायला लागले. साड्या वाट बघत पडल्या.

आता जे सांगते ते अजून कोणाला सांगितलेलं नाही. त्या पहिल्या दिवशी मी नळावर गेले, माझा गुलाबी साबण घेतला आणि हात चोळले. ग्रीस गेलं नाही. गुलाबी चिखल झाला. पुन्हा चोळले, हिरवी वडी लावून पाहिली, बेसन लावलं. हात काळेच, वर बेसन चिकटलेलं. दुकानात एका नवरीची साडी पडलेली. उस्ताद नमाजला गेले होते, आपा आत होती. मी फळीच्या टोकाला हात नेला आणि निळी वडी घेतली. दोन मिनिटांत हात असे निघाले, की माझे मलाच ओळखू आले नाहीत. मग संध्याकाळी बाकावर बसून मी उस्तादांना सांगितलं, बघा, हाताच्या साबणानंही ग्रीस जातं, नीट घासलं तर. ते माझे हात बघून मान डोलवत राहिले. म्हणाले, कमाल हाय.

आणि दर दिवशी मी तेच केलं. रोज तेच खोटं.

दहाएक दिवसांनी आपाच्या लक्षात आलं. म्हणाली, ही निळी वडी कोणी वापरत नाही, तरी झिजून कशी राह्यली? मी म्हटलं, हवेनं. आपा म्हणाली, उंदीर खाऊन राह्यले वाटते. मी म्हटलं, हो, उंदीरच, साबण फार आवडतो त्यांना. आणि तुला खरं सांगते, उस्तादांनी स्वतः गॅरेजमधून पिंजरा काढला, त्यात भाकरीचा तुकडा लावला आणि फळीखाली ठेवला. मला तेव्हा त्यांची दया आली. म्हटलं, किती भोळा माणूस आहे.

तीन आठवड्यांनी आम्ही पुन्हा यवतमाळला गेलो. तीच मुलगी. डाव्या हाताची चार बोटं, हिरवा. उजव्या हाताची चार, हिरवा. मग दोन्ही अंगठे. लाल लागला. पुन्हा ठेवले. मुलगी उठून उभी राहिली, तिनं त्यांच्या अंगठ्यांवर आपले दोन्ही अंगठे ठेवले आणि हलके दाबले. हिरवा लागला. आपा ओढणीचं टोक तोंडावर धरून भिंतीकडे वळली. उस्ताद आपलीच बोटं उलटसुलट करून बघत होते.

आणि मी? मी बाभुळगावात उतरल्यापासून सुरुवात केली. भाजीवालीला सांगितलं, बँकेतल्या साहेबांना सांगितलं, पिकोला आलेल्या प्रत्येक बाईला सांगितलं. माझ्या गुलाबी साबणानं उस्तादांच्या पुसलेल्या रेघा उगवल्या. बायका साबणाचं नाव विचारायला येऊ लागल्या. मी नाव सांगायची आणि वर म्हणायची, नुसता साबण नाही, हात पाहिजे लावणाऱ्याचा.

निघायच्या दिवशी सकाळी उस्ताद घरोघरी गेले. त्यांच्यात रीत आहे, एवढ्या यात्रेला निघताना सगळ्यांना कहासुना माफ म्हणायचं. म्हणजे आजवर जे काही बोललो असेन, चुकलो असेन, ते मनातून काढून टाका. कोणाचं मनात काही ठेवून निघायचं नाही. माझ्याकडे ते शेवटी आले. जीप दारात उभी होती, सामान बांधलेलं, आपा पांढऱ्या कपड्यांत मागे बसलेली. मी चहाचं विचारलं. ते म्हणाले, चहा नको, एक सांगायचं हाय.

"भाभी, मी खोटं बोल्लो तुमच्याशी. नमाजच्या आधी वजू करा लागते, हात-तोंड-पाय धुवा लागते. कातडीले पानी लागलं पायजे, हात चिकट असन तर मन मानत नाही. तुमची मलई मी रोज पाच टाइम धुऊन टाकली. निळ्या वडीनं. तो उंदीर मीच."

मीनू, दुकानात तेव्हा तीन बायका होत्या. तिघीही तो गुलाबी साबण विकत घेऊन आलेल्या, मला दाखवायला. माझं तोंड कसं झालं असेल ते तूच बघ मनात. मी विचारलं, मग रेघा कशानं आल्या? ते म्हणाले, काम बंद होतं ना. हाताले सुट्टी भेटली.

मला राग आला. खरंच आला. म्हटलं, जा, नाही करत माफ, हे आधी सांगायचं होतं. अर्धं हसत म्हटलं, पण अर्धंच. आणि उस्ताद तिथेच उभे राहिले. हसले नाहीत. जीपवाल्यानं हॉर्न दिला तरी हलले नाहीत. माझ्यासाठी ती थट्टा होती, त्यांच्यासाठी नव्हती. इतक्या वर्षांचं आपाचं स्वप्न दारात उभं आणि हा माणूस माझ्या एका शब्दासाठी उंबऱ्यावर. शेवटी आपा जीपमधून उतरून आली. माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "वैनी, हसण्यावारी नका नेऊ. तोंडानं बोला."

मी म्हटलं, माफ. सगळं माफ.

उस्तादांनी मान झुकवली. मग जायला वळले, आणि पुन्हा थांबले. म्हणाले, "आन तुमचं काही असन मनात, तर बोलून टाका. मी ऐकून जातो."

मीनू, तेव्हा बोलायचं होतं. उंदीर दोन होते, एवढंच म्हणायचं होतं. पण त्या तीन बायका हातात साबण धरून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी म्हटलं, माझं काय असणार, उस्ताद. या सुखरूप जाऊन.

जाऊन आले ते सुखरूप. आपाचा चेहरा असा झाला होता, की तिला काही विचारायची गरज नव्हती. माझ्यासाठी खजूर आणले, छोट्या बाटलीत तिथल्या पवित्र विहिरीचं, जमजमचं पाणी आणलं. उस्ताद सांगत होते, तिथे उतरल्यावर पुन्हा बोटं घेतली, पण तिथल्या माणसानं आधी त्यांचे हात पाहिले, मग पांढरी दाढी पाहिली आणि काचेवर काय उमटलं ते न बघताच पुढे जा म्हणाला. मी त्या दिवशी सांगणार होते. घर माणसांनी भरलेलं होतं, जमलं नाही. मग थंडीत त्यांचे गुडघे फार धरले, आणि लेक-जावई येऊन दोघांना पुसदला घेऊन गेले. कायमचं. गॅरेजच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. नळ मी एकटीच वापरते. अधूनमधून कोणी गाडी ढकलत आणतं आणि विचारतं, मावशी, जरा बघता का? मी बघते. प्लग असला तर होतं. त्यापुढचं मला येत नाही, त्यापुढचं सांगणारा बाकावर नाही.

फोन करते मी. पण उस्तादांना आता ऐकू कमी येतं. "उंदीर मीही होते" हे मला फोनवर तीनदा ओरडून सांगावं लागेल आणि सगळी गल्ली गोळा होईल. ते समोर बसून सांगायचं आहे. तोंडानं, आपानं म्हटलं तसं. त्यांचं वय बघता फार लांबवूनही चालणार नाही, आणि माझंही काही लहान नाही.

म्हणून तू ये. ऊन तापायच्या आत ये, सुट्टी नसली तर काढ. पुसदची बस सकाळी लवकर असते, एकटीनं चढवत नाही आता मला, ती पायरी फार उंच असते. तू नुसती सोबत चल आणि माझ्या शेजारी बस. बोलायचं ते मी बोलेन.